पाच एक्कावन्नची थाळी

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एक कल्पना करा. तुम्ही आईबाबांसोबत फार लांबच्या देशात गेला आहात. आधी विमान, मग गाडी, मग पायी. पोटात कावळे ओरडताहेत. कुणीतरी तुमच्यासमोर वाफाळती वाटी ठेवतं. वास छान येतो आहे, पण वाटीत काय आहे ते कळत नाही. तुमच्या घरी काही पदार्थ खात नाहीत. ते या वाटीत आहेत की नाहीत? वाटी ठेवणाऱ्या बाईंची भाषा तुम्हाला येत नाही. आता काय कराल? तसेच उपाशी झोपाल, की काय असेल ते असो म्हणून खाल?

उघडा डोळे. हा प्रश्न तुम्हाला कदाचित कधीच पडणार नाही. पण जगात पुष्कळ माणसांना घराबाहेर पाऊल टाकलं की पडतो. अशाच दोन घरांची ही गोष्ट आहे. एक घर आपल्या सारंगखेड्यातलं, दुसरं समुद्रापलीकडच्या मलेशियातलं.

सारंगखेड्याच्या बाजारपेठेत चंपालालजींचं किराणा दुकान आहे. खाली दुकान, मागे घर, वर तीन खोल्या. चंपालालजींची नात शिखा सहावीत शिकते. तिच्याकडे घरातलं एक महत्त्वाचं काम होतं. तिची आजी धनकंवर, जिला ती दादीसा म्हणायची, हिचे डोळे आता अधू झाले होते. म्हणून घरात आलेल्या प्रत्येक पुड्यावरचं बारीक छापलेलं शिखा तिला वाचून दाखवी. आधी हिरवा ठिपका आहे का ते बघायचं. मग आत काय काय घातलंय ते एकेक करून वाचायचं. कांदा आला, लसूण आला, बटाटा आला, की पुडा परत दुकानात.

राजस्थानातून चार पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं हे जैन घर. दादीसाचे नियम पक्के होते. पाणी गाळून घ्यायचं. सूर्य मावळायच्या आत सगळ्यांनी जेवून घ्यायचं, त्यानंतर स्वयंपाकघर बंद. आणि ताटात एक शीतही टाकायचं नाही. चंपालालजी तर जेवण झालं की ताटात थोडं पाणी ओतायचे, बोट फिरवून ताट स्वच्छ करायचे आणि ते पाणी पिऊन टाकायचे. शिखाही तसंच करायची. तिच्या मैत्रिणींना याचं फार हसू यायचं.

सूर्यास्ताची वेळ रोज थोडी थोडी बदलते, हे तुम्हाला माहीत असेल. दादीसाकडे त्यासाठी एक कार्ड होतं. नंदुरबारच्या एका मंडळाने छापलेलं. त्यावर वर्षातल्या प्रत्येक तारखेसमोर सूर्योदय आणि सूर्यास्त, अगदी मिनिटापर्यंत. ते स्वयंपाकघरात ओट्याजवळच्या खिळ्यावर टांगलेलं असायचं. रोज सकाळी शिखा त्यातल्या दोन वेळा मोठ्याने वाची, तेव्हा घराचा दिवस सुरू होई.

डिसेंबरात सारंगखेड्याला घोड्यांची यात्रा भरते. सगळं गाव पाहुण्यांनी भरून जातं. दरवर्षी वरच्या तीन खोल्यांत जोधपूर-पालीकडचे नातेवाईक उतरत. या वर्षी त्यांच्याकडे लग्न निघालं, खोल्या रिकाम्या राहणार होत्या. शिखाचे बाबा मयंक यांनी त्यांची भाड्याने देण्याची जाहिरात फोनवरून टाकली. सोबत लिहिलं, घर पूर्ण शाकाहारी आहे.

तिसऱ्या दिवशी मलेशियातून निरोप आला. आईबाबा आणि मुलगी, तिघं. वडील घोडे पाळणारे, म्हणून ही यात्रा बघायची होती. निरोपात त्यांनी लिहिलं होतं, आम्ही मुसलमान आहोत. नदीकाठच्या तंबूंत आम्हाला जागा मिळते आहे, पण तिथे सगळं एकाच भटारखान्यात शिजतं. आम्हाला मांस मिळायलाच हवं असं नाही. भांड्यात काय आहे एवढं कळलं तरी पुरे.

मयंक यांनी दुपारी, सगळे घरात असताना, तो निरोप वाचून दाखवला. शिखाला तो फार आवडला. असं तर दादीसाच बोलायची! पालिताण्याच्या तीर्थाला जाताना गाडीत, लग्नात मांडवाखाली, कुठेही. भांड्यात काय आहे ते आधी सांगा.

दादीसाला मात्र ते लगेच पटलं नाही.

मुसलमान माणसं तिला नवी नव्हती. यात्रेला घोडे घेऊन येणारे कितीतरी व्यापारी मुसलमान असत. नूरभाई नावाचे एक म्हातारे व्यापारी तर वीस वर्षं चंपालालजींच्या दुकानातूनच घोड्यांसाठी हरभरा आणि गूळ नेत. दुकानाच्या पायरीवर बसून चहा पीत, घोड्यांच्या गमती सांगत. पण ते पायरीवरच बसत. वर कधी आले नव्हते, कुणी बोलावलंही नव्हतं. आता हे परदेशी पाहुणे वर राहणार, दादीसाच्या स्वयंपाकघरातलं जेवणार. हे वेगळं होतं.

बातमी पेठेत पसरायला वेळ लागला नाही. रिक्षावाल्यांना आनंद झाला. बांगडीवाली म्हणाली, लांबून आलेल्या बायका हमखास बांगड्या घेतात. कुणी म्हणालं, ओळखपाळख नसताना घरात कशाला. कुणी विचारलं, पोलिसांना कळवलं का? परदेशी पाहुणा घरी उतरला की त्याची नोंद करावीच लागते, मग तो कुठलाही असो. ती मयंक यांनी रीतसर केली.

संध्याकाळी दूध घालायला येणाऱ्या निर्मलाबाईंनी उंबऱ्यावरूनच विचारलं, "धनकंवरबाई, त्या काय खातस, काय पेतस, आपले काय माहीत?"

समोरच्या पिठाच्या गिरणीतून भाईदास ओरडून म्हणाले, "निर्मलाबाई, त्या घोडा देखाले येतस, तुमले खावाले नही."

सगळे हसले. निर्मलाबाईसुद्धा हसल्या, पण जाताना मान हलवतच गेल्या.

शेवटी दादीसाने शिखाला जवळ घेतलं. "लाडो, तुला एवढं वाटतंय ना, तर तुझ्या शब्दावर येऊ देते. त्यांना आपली रीत समजावून सांगायची, ती तू. घरात अंडं-मांस यायचं नाही, अन्न वाया जायचं नाही. नाही जमलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तंबूत. चालेल?"

शिखा म्हणाली, चालेल. म्हणाली खरी, पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तिला वाटलं, आपण फार मोठी गोष्ट कबूल केली.

पाहुणे मंगळवारी दुपारी सुरतेहून गाडीने आले. वडील इस्कंदर उंच, हसरे. आई रोहाना बुटकी, शांत, डोक्यावर निळा रुमाल नीट बांधलेला. मुलगी हुमैरा शिखाएवढीच, तिचा रुमाल पिवळा. दादीसाने दारात आपल्या ओढणीचा पदर कपाळावर ओढला. रोहानांनी तो बघितला आणि आपला रुमाल सारखा केला. दोघींनी एकमेकींना हात जोडले.

रोहानांना इंग्रजी येत होतं, पण त्या फार बोलत नसत. शिखाचं इंग्रजी शाळेपुरतं. हुमैराचंही जवळपास तसंच. त्यामुळे त्या दोघींचं छान जमलं. चुकलं तरी कुणी हसणारं नव्हतं.

वर गेल्यावर हुमैराने एक पिशवी उघडली. शिखा बघतच राहिली. आत कोरड्या खाण्याचे पुडेच पुडे. हुमैराने सांगितलं, प्रवासात कुठे काही खाता आलं नाही तर हे. आईचा चष्मा बॅगेत असतो, म्हणून दुकानात पुड्यावरचं बारीक अक्षर मीच तिला वाचून दाखवते.

"मी पण!" शिखा म्हणाली. तिने खालून बिस्किटांचा पुडा आणला आणि हिरवा ठिपका दाखवला. हुमैराने तिच्याकडच्या पुड्यावरची हलालची गोल खूण दाखवली. मग दोघी जमिनीवर बसून एकमेकींचे पुडे वाचत बसल्या. संध्याकाळी हुमैराने शिखाला विचारलं, या घरच्या तेलात काय असतं? शिखा म्हणाली, शेंगदाण्याचं आहे, मी स्वतः वाचलंय. रोहानांनी ते ऐकलं आणि पिशवीचं तोंड बांधून ती पलंगाखाली सरकवली.

आणखी एक गंमत सांगतो. त्यांना नमाजासाठी पश्चिम दिशा हवी होती. हुमैराने आईचा फोन काढला, पण यात्रेच्या गर्दीत फोन चालेना. शिखाने खिडकीतून बोट दाखवलं. "आपली तापी जिकडे वाहत जाते ना, तिकडे." इस्कंदर यांनी नदी बघितली, मावळतीकडे झुकलेला सूर्य बघितला आणि हसून मान डोलावली.

बुधवारी सगळे खाली एकत्र जेवले. सव्वापाच वाजता! इस्कंदर यांना एवढ्या लवकर जेवायची गंमत वाटली. फुलके, गट्ट्याची भाजी, कढी, मुगाची खिचडी. त्यांनी पोटभर खाल्लं. शेवटी हुमैराने बोटं चाटली, ताट पुसून घेतलं, एकही दाणा ठेवला नाही. चंपालालजी नेहमीप्रमाणे ताटात पाणी ओतून प्याले. हुमैराने ते बघितलं आणि आईला हळूच काहीतरी म्हणाली. रोहाना हसल्या. त्यांच्या घरीही ताटात काही टाकलेलं चालत नसे. शेवटच्या घासात काय चांगलं दडलेलं असेल, कुणी सांगावं, असं हुमैराची आजी म्हणायची. शिखाने ते दादीसाला सांगितलं.

दादीसाने तिन्ही ताटं उचलली, डोळ्यांजवळ नेऊन बघितली. "चकचकीत," एवढंच म्हणाली. पण शिखाला तेवढं पुरलं.

मग गुरुवार उजाडला.

तो दत्तजयंतीचा दिवस. यात्रेतला सगळ्यांत मोठा. सकाळी शिखाने कार्ड वाचलं: सूर्यास्त पाच एक्कावन्न. इस्कंदर, हुमैरा, मयंक आणि शिखा घोडे बघायला निघाले. हुमैराने फोटो काढायला आईचा फोन सोबत घेतला. रोहाना घरीच थांबल्या. नाश्त्याला त्या खाली आल्याच नाहीत. दादीसाने पोहे वर नेले, तर रोहानांनी छातीवर हात ठेवून मान हलवली, हसून "नंतर" अशी खूण केली.

दादीसाला वाटलं, पोट बिघडलं असेल. तिने ओवा घालून पाणी उकळलं. तेही रोहानांनी घेतलं नाही. दुपारी मऊ खिचडी केली. तीही नको. साधं पाणीसुद्धा नको! दादीसा तीनदा जिना चढली, त्यातली दोनदा भरलं ताट घेऊन उतरली. दोन्ही वेळा ते अन्न वाया जाऊ नये म्हणून चंपालालजींना खावं लागलं. दुपारनंतर ते दुकानात गादीवर आडवेच होते.

इकडे मैदानात शिखाने इतके घोडे बघितले की मोजता येईनात. पांढरेशुभ्र, काळेभोर, चारी पाय पांढरे असलेले. ढोलावर पाय टाकणारी एक घोडी बघून हुमैरा टाळ्या वाजवायचंही विसरली. गर्दीत नूरभाई भेटले. इस्कंदर यांनी त्यांना सलाम केला, आणि दोघं घोड्याचे दात बघत खाणाखुणांनी अशा गप्पा मारू लागले, जणू शेजारीच राहतात.

साडेचार झाले तसं शिखाला घरी परतायला हवं होतं. जेवण सूर्यास्ताच्या आत ना! हुमैराला शर्यत बघायची होती, म्हणून ती बाबांसोबत थांबली. मयंक यांनी शिखाला घरापर्यंत सोडलं आणि आपला डबा घेऊन ते परत मैदानात गेले.

शिखा घरात शिरली, तेव्हा पाच वाजून गेले होते. दादीसाने सगळ्यात आधी रोहानांचं ताट वाढलं. गरम फुलके, वरून तुपाची धार, दोडक्याची भाजी, वरण. या वेळी रोहाना स्वतः जिन्यापर्यंत आल्या. त्यांनी दोन्ही हातांनी ताट घेतलं. दादीसाचा चेहरा उजळला. पण रोहानांनी तिच्यासमोरच एका स्वच्छ रुमालाने ते ताट झाकलं, हसून मान लववली आणि ताट तसंच घेऊन त्या वर गेल्या.

दादीसा जिन्याखाली उभीच राहिली.

तेवढ्यात निर्मलाबाई दूध घेऊन आल्या. त्यांनी सगळं बघितलं होतं. "सकायपाईन काहीच खादं नही? पानीबी नही?" त्यांनी विचारलं. मग आवाज खाली करून म्हणाल्या, "धनकंवरबाई, राग नका धरू. तुमना हातनं ती खात नही, दुसरं काय?"

 दादीसाने दूध घेतलं, पातेल्यात ओतलं. 

आता तुम्ही दादीसाच्या जागी उभे राहून बघा. सगळा जन्म ती अन्न जपत आली. दिवस मावळला की तिच्या नियमाने ते ताट खाण्याजोगं राहणार नव्हतं. आणि ते पाहुणीने झाकून बाजूला ठेवलं होतं, हसत हसत! बोलणं कळत नाही तेव्हा माणूस हसण्याचाही वाईट अर्थ लावतो.

"शिखा," ती म्हणाली. तिने लाडो म्हटलं नाही. "वर जा, ताट घेऊन ये. उजेड आहे तोवर गायीला घालू. आणि बाबा आले की सांग, उद्या सकाळी यांना तंबूत जागा बघून द्या."

"पण दादीसा, रविवारपर्यंत..."

"तुझा शब्द होता ना?"

होता. शिखाला रडू आलं, पण ती रडली नाही. तिला हुमैरा आठवली, पलंगाखालची पुड्यांची पिशवी आठवली. उद्यापासून ती पिशवी पुन्हा उघडावी लागणार.

निर्मलाबाई निघायला लागल्या, तेव्हा दादीसाने सवयीने त्यांच्यापुढे शेवेची वाटी केली. निर्मलाबाईंनी हात आखडला. "नको ओ, आज मन्हा गुरुवार शे. दिवस मावळना म्हंजे सोडसू."

शिखा जिना चढली.

वरचं दार उघडं होतं. रोहाना पश्चिमेच्या खिडकीपाशी चटईवर बसल्या होत्या. समोर झाकलेलं ताट. शेजारी बशीत तीन खजूर आणि भरलेला पाण्याचा पेला. त्यांचं लक्ष दाराकडे नव्हतंच. त्या बाहेर बघत होत्या. मैदानावरून घोड्यांनी उडवलेली धूळ आभाळभर पसरली होती. सूर्य त्या धुळीत कुठे आहे ते धड दिसत नव्हतं. रोहाना डोळे बारीक करून तो शोधत होत्या. त्यांचे ओठ सुकले होते. त्यांनी पेल्याकडे बघितलं, हात मांडीवरच ठेवला आणि पुन्हा बाहेर बघितलं.

शिखा दारातच थांबली. असं बसलेलं कुणीतरी तिने बघितलं होतं. कुठे बरं?

घरातच! दादीसाला! दादीसा उपवास करायची, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर अशीच बसायची. समोर पाण्याचा पेला भरलेला. सूर्य उगवून ठरलेली वेळ होईपर्यंत ती त्याला हात लावायची नाही. तेव्हा तिचे ओठ असेच सुकलेले असायचे. आणि दर दोन मिनिटांनी ती विचारायची, "लाडो, कार्डात बघ, किती राहिलं?"

शिखा आत गेली, रोहानांच्या शेजारी बसली. तिने पाण्याच्या पेल्याकडे बोट दाखवलं, मग सूर्याकडे, आणि तळहात हळूहळू खाली नेला. सूर्य खाली गेला की मग?

रोहानांनी तिच्याकडे आश्चर्याने बघितलं. मग मान हलवली. हो.

त्यांनी हळू हळू, सोप्या इंग्रजीत सांगितलं. सोमवारी आणि गुरुवारी त्या जमेल तेव्हा रोजा ठेवतात. कुणी सांगितलेलं नसतं, आपल्या मनाने. म्हणून त्याचा गाजावाजा करत नाहीत. शिवाय तुझ्या दादीसाने आधीच आमच्यासाठी इतकं केलंय, अजून त्रास कशाला. जेवण झाकून ठेवलं, कारण आज दिवसभर मी याच ताटाची वाट बघते आहे.

शिखा धडधड जिना उतरली.

"दादीसा, त्यांचा उपवास आहे! पाणीही न घेता, सकाळपासून. सूर्य मावळला की सोडणार. तुमचंच ताट खाऊन सोडणार, म्हणून झाकून ठेवलंय!"

 पहिल्यांदा बोलल्या त्या निर्मलाबाई. "पानीबी नही? मी तर सकायपाईन तीनदा चहा पिनू." आणि त्या स्वतःच्याच बोलण्याला हसू लागल्या.

दादीसा खाली पाटावर बसली. तिला उपवास म्हणजे काय ते कुणी सांगायला नको होतं. त्यांच्या घरात कुणी उपवास केला की बाकीचे त्याची विचारपूस करत, त्याला त्रास होईल असं काही करत नसत, आणि उपवास सोडताना पहिला घोट आपल्या हाताने द्यायला मिळावा म्हणून सगळे पुढे होत. आणि इथे वर पाहुणी दिवसभर निर्जळी बसलेली असताना ही तिच्या नाकासमोर दोनदा ताट नाचवून आली होती!

"आणि मी तिला गायीला घालायला सांगत होते," ती म्हणाली. "ते ताट, म्हणजे."

मग ती उठली. "किती वाजले?"

पाच वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली होती. तव्याखालचा गॅस पुन्हा पेटला. दादीसा फुलके लाटत होती, निर्मलाबाई न सांगता पुढे झाल्या आणि शेकू लागल्या. दहा मिनिटांत आठ फुलके टम्म फुगून डब्यात कापडात गुंडाळले गेले. गार झालेलं वरण पुन्हा उकळलं. निर्मलाबाईंनी आपल्या दुधातलं वाटीभर बाजूला काढून त्यात साखर घातली. शिखा आणि चंपालालजी एका कोपऱ्यात बसून भरभर जेवले. दादीसाही दोन घास उभ्या उभ्याच खाऊन मोकळी झाली. तिने हात धुतले, गॅस बंद केला. तिचा नियम मोडला नव्हता. स्वयंपाकघर वेळेत बंद झालं होतं.

फुलके, वरण आणि दुधाची वाटी घेऊन ती आणि निर्मलाबाई शिखासोबत निघाल्या. जिना चढता चढता दादीसा अर्ध्यावर थांबली. "लाडो, धुळीत सूर्य तर दिसत नाही. तिला कळणार कसं?"

रोहानांचा फोन हुमैराकडे होता. खोलीत घड्याळ होतं, पण आज सूर्य किती वाजता मावळतो ते त्यांना माहीत नव्हतं. म्हणून त्या पूर्ण अंधार पडेपर्यंत थांबणार होत्या. शिखा मागे वळली, दोन दोन पायऱ्या उतरून स्वयंपाकघरात गेली आणि खिळ्यावरचं कार्ड काढून आणलं.

वरच्या खोलीत तिने ते रोहानांपुढे धरलं आणि आजच्या तारखेवर बोट ठेवलं. रोहानांनी चष्मा लावला. आकडे बघितले, भिंतीवरचं घड्याळ बघितलं. पाच एकोणपन्नास. त्यांनी दादीसाकडे बघितलं, पुन्हा कार्डाकडे, आणि त्यांना हसू आवरेना. या घरातलं जेवण ज्या मिनिटाला थांबायचं, त्याच मिनिटाला त्यांचं सुरू व्हायचं होतं.

दोन मिनिटं चौघी घड्याळाकडे बघत बसल्या. खालून गिरणीचा आवाज येत होता. मग शिखा म्हणाली, "झाली वेळ."

रोहानांनी ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं. दादीसाने बशीतला एक खजूर उचलला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला. रोहानांनी तो घेतला. मग पाणी. पेला रिकामा झाला, तेव्हा दादीसाने असा सुस्कारा सोडला, जणू तहान तिलाच लागली होती. निर्मलाबाईंनी दुधाची वाटी पुढे सरकवली आणि दुसरा खजूर स्वतः उचलला. "मन्हाबी सुटना," त्या म्हणाल्या. दिवस मावळला होता, त्यांचाही गुरुवार सुटला.

रोहाना जेवल्या. दादीसा भिंतीला टेकून बघत बसली. ताट रिकामं झालं. तेव्हा रोहानांनी पेल्यात पुन्हा पाणी घेऊन ते ताटात ओतलं, बोटाने फिरवलं आणि पिऊन टाकलं.

मग दादीसा म्हणाली, "शिखा, तो नूरभाई. वीस वर्षं आपल्या पायरीवर चहा पितो. त्याचाही गुरुवार असेल का गं? मी कधी विचारलंच नाही."

"उद्या विचारू," शिखा म्हणाली.

"विचार. आणि त्याला म्हणावं, पायरीवर नको, आत येऊन बस."

थोड्या वेळाने मयंक, इस्कंदर आणि हुमैरा धुळीने माखून परतले. दादीसाने जिन्यातूनच मयंक यांना सांगितलं, पाहुणे ठरल्याप्रमाणे रविवारपर्यंत राहतील, कुणी तंबूचं नाव काढू नये. मयंक यांनी तंबूचं नाव काढलंच नव्हतं, त्यामुळे ते शिखाकडे बघत राहिले. शिखाला ते समजावून सांगायला वेळ नव्हता. तिच्या हातात कार्ड होतं आणि ती ते परत खिळ्यावर टांगायला निघाली होती.

पण जिन्याच्या मधल्या पायरीवर ती थांबली. तिने चंपालालजींकडून एक खिळा आणि हातोडी मागून आणली. हुमैराला शेजारी उभं केलं, दादीसाला खालच्या पायरीवर. दोघींचा हात पोहोचेल अशा उंचीवर तिने खिळा ठोकला, कार्ड टांगलं, आणि त्या दिवसाच्या तारखेसमोर पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं: खाली बंद, वर सुरू.

मग तिने पेन्सिल हुमैराच्या हातात दिली, आणि उद्याची ओळ दाखवली.